उन्हाळ्यात टायरची हवा कमी करावी का?

मार्च सरला, हळद शिजवून वाळत पडली आणि लग्नसराई तोंडावर आली, की हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव, कुठल्याही गावच्या पंक्चरच्या दुकानात एक सल्ला हमखास ऐकू येतो. "भाऊ, उन्हाळा हाय, हवा दोन पॉइंट कमीच ठेवू का?" गाडीवाला मान डोलावतो. कारण सल्ला पटण्यासारखाच आहे. उन्हानं हवा तापते, तापलेली हवा फुगते, आधीच गच्च भरलेला टायर अजून फुगला तर फुटणारच. मग थोडी हवा कमी ठेवून फुगायला जागा ठेवलेली काय वाईट?

हा सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. पण तो चुकीचा आहे, आणि उन्हाळ्यातच सगळ्यात जास्त चुकीचा आहे. भर उन्हात भरधाव गाडीचा टायर फुटतो, तेव्हा संशय आधी घ्यावा तो कमी हवेचा. असं का, हे एकदा नीट समजलं की बाकीची बरीचशी काळजी आपोआप घेतली जाते. म्हणून या लेखात गाडीच्या इतर देखभालीला हात न लावता फक्त टायरबद्दल बोलू.

तापलेली हवा नेमकी किती फुगते?

आधी दुकानदाराचं म्हणणं आकड्यांत तपासू. टायरमधला दाब आपल्याकडे पीएसआयमध्ये मोजतात. 'तेहतीसची हवा' म्हणजे ३३ पीएसआय, दर चौरस इंचावर ३३ पौंडांचा दाब. बंद जागेतल्या हवेचं तापमान वाढलं की दाब वाढतो, हे खरं आहे. गाडीच्या टायरपुरता ढोबळ हिशेब असा: तापमान १० अंश सेल्सिअसनं वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो.

आता हिंगोलीतला मे महिना घ्या. पहाटे २८ अंश असतील, दुपारी पारा ४३ वर जाईल. फरक १५ अंशांचा. म्हणजे नुसत्या हवामानामुळे ३३ चा दाब होईल ३५ च्या आसपास. गाडी पळू लागली की टायर आणखी तापतो. आतली हवा ७० अंशांवर गेली असं धरलं, तरी दाब ३९-४० च्या पलीकडे जात नाही.

चांगल्या स्थितीतल्या टायरसाठी हा दाब काहीच नाही. तो याच्या कितीतरी पट दाब सोसेल असाच बांधलेला असतो. अनेक टायरच्या कडेवर कमाल दाब ४४ किंवा ५१ पीएसआय असा छापलेला दिसतो, आणि तो आकडाही थंड टायरचा असतो. गाडी बनवणारी कंपनी ३३ हा आकडा ठरवते, तेव्हा पळताना तो ३८-३९ वर जाणार हे तिनं हिशेबात धरलेलं असतं. थोडक्यात, फुगायला जागा आधीच ठेवलेली आहे. आपण ती वेगळी ठेवण्याची गरज नाही.

मग टायर फुटतो कशानं?

उष्णता तयार होते ती टायरच्या अंगात

एखादी लोखंडी तार हातानं तोडायची असेल तर आपण ती एकाच जागी मागेपुढे वाकवत राहतो. काही वेळानं ती जागा बोटाला चटका बसेल इतकी तापते आणि तार तुटते. तारेला बाहेरून कुणी तापवलेलं नसतं. वाकवण्यात खर्च झालेली आपली ताकदच उष्णता होऊन तिच्या अंगात उतरते.

टायरचं अगदी हेच होतं. गाडीचा भार पेलताना टायर खाली थोडा चपटा होतो. मध्यम गाडीच्या एका चाकावर ३०० किलो भार असेल आणि हवा ३३ असेल, तर रस्त्याला टेकलेला तुकडा असतो सुमारे १३० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण १३ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग या तुकड्यात येतो, वाकतो, बाहेर पडतो आणि पुन्हा गोल होतो. रबराचा स्वभाव असा, की ते वाकताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी सरळ होताना परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन रबरातच राहते. ती फुकट येत नाही, टाकीतलं पेट्रोल-डिझेलच त्यासाठी जळतं. म्हणून तर हवा कमी असली की मायलेज उतरतं.

पंधरा इंची रिमवरच्या नेहमीच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगानं ते चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. म्हणजे टायरचा एकेक भाग तासाला पन्नास हजारांहून जास्त वेळा वाकतो.

आता हवा कमी करा. आतून रेटणारा दाब घटला, की तोच ३०० किलोंचा भार पेलायला टायर जास्त चपटा व्हावा लागतो. हवा २२ वर आली तर १३० चा तुकडा होतो १९० च्या पुढे. कड जास्त वाकते, प्रत्येक फेऱ्यात जास्त उष्णता तयार होते. आणि रबरातून उष्णता सहजी बाहेर पडत नाही. बाहेरची हवा थंड असेल तर थोडी निघून जाते. पण भोवती ४३ अंशांची झळ आणि खाली ६० अंशांच्या पुढे तापलेलं डांबर असेल, तर ती जाणार कुठे? उन्हाळा टायरला त्रास देतो तो इथे. तो आतली हवा फुगवतो हा त्याचा लहान परिणाम. टायरला थंड होऊ देत नाही, हा मोठा.

टायर म्हणजे नुसतं रबर नाही. आत पॉलिस्टरच्या दोऱ्यांचे थर असतात, त्यावर पोलादी तारांचे पट्टे, रिमला पकडून ठेवणारी पोलादी तारेची कडी आणि हे सगळं एकजीव करणारं रबर. टायरमधलं तापमान शंभर अंशांच्या बरंच पुढे गेलं, की पोलाद आणि रबर यांची पकड सुटू लागते, कडेतल्या दोऱ्या कमजोर होतात. पट्टा सुटतो किंवा कड उभी फाटते, आणि सगळी हवा क्षणात बाहेर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हवा जास्त झाली म्हणून फुटला. खरं तर हवेला धरून ठेवणारी भिंतच आधी शिजून गेलेली असते.

वेग खूप वाढला की आणखी एक गोष्ट घडते. रस्त्यावरून सुटलेला टायरचा भाग पूर्ण गोल व्हायच्या आतच पुन्हा रस्त्याला टेकायची पाळी येते. टेकलेल्या तुकड्याच्या मागे टायरच्या अंगावर लाटा उभ्या राहतात. प्रयोगशाळेतल्या चित्रीकरणात त्या स्पष्ट दिसतात. या अवस्थेत टायर मिनिटांत निकामी होऊ शकतो. हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगाला या लाटा उठतात.

गरम टायरची हवा सोडली की काय होतं?

समजा तुमच्या गाडीचा ठरलेला आकडा ३३ आहे आणि सकाळी तो बरोबर होता. औंढा नागनाथाचं दर्शन घेऊन तुम्ही भर दुपारी हिंगोलीत आलात आणि दुकानासमोर गाडी लावली. टायर तापलेला आहे. मीटर दाखवतो ३७ किंवा ३८. दुकानदार म्हणतो, "बाप रे, लई हाय," आणि हवा सोडतो. वर उन्हाळा म्हणून दोन पॉइंट कमी, असं करत ३१ वर आणतो.

रात्री गाडी अंगणात थंड होते. पहाटे मोजलात तर काटा दिसेल २७ वर. तुमच्या समजुतीनं तुम्ही हवा दोननं कमी केली, प्रत्यक्षात ती सहानं गेली. मीटर दुकानदाराचाच असेल आणि त्यात दोन-तीनची चूक असेल, तर किती उरली हे सांगायलाही कुणी नाही.

इथे एक गोष्ट जरा थांबून समजून घ्यावी अशी आहे. पळताना टायरचा दाब वाढतो, ते टायरचं स्वतःचं संरक्षण असतं. टायर तापला की दाब वाढतो. दाब वाढला की टायर ताठ होतो, कमी वाकतो. कमी वाकला की उष्णता कमी तयार होते. अर्ध्या-पाऊण तासात तापमान एका जागी स्थिरावतं. आपण मध्येच हवा सोडली की हा समतोल मोडतो. टायर पुन्हा जास्त वाकू लागतो, पुन्हा तापतो, आणि आता आधीपेक्षा वरच्या तापमानाला जाऊन पोचतो. म्हणून नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: गरम टायरची हवा सोडायची नाही.

नांदेडच्या रस्त्यावर टिकलेला टायर समृद्धीवर का फुटतो?

हिंगोलीहून नांदेडला जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१. अकोला, वाशीम, हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा, नांदेड असा तो जातो. रस्ता आता चांगला आहे, पण वाटेत गावं आहेत, फाटे आहेत, उसाचे ट्रॅक्टर आहेत, अचानक आडवी येणारी गुरं आहेत. ताशी शंभरचा वेग धरला तरी तो सलग टिकत नाही. थोड्या थोड्या वेळानं गाडी मंदावते आणि टायरला उसंत मिळते. हवा २७ असली तरी टायर ओढून नेतो. मालकाला वाटतं, आपलं बरोबरच चाललं आहे.

तीच गाडी मे महिन्यात सेनगाव, रिसोडमार्गे मेहकरला जाऊन समृद्धी महामार्गावर चढते, शिर्डीच्या दिशेनं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग तयार झाला. सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०. फाटा नाही, गतिरोधक नाही, बैलगाडी नाही. दोनशे किलोमीटर एका दमात जाता येतात. त्या दोनशे किलोमीटरांत टायरचा प्रत्येक भाग एक लाखाहून जास्त वेळा वाकतो, तेही सेकंदाला सतरा वेळा, मध्ये एकदाही थंड न होता. गाडीत सात माणसं आणि डिकीत गच्च सामान असेल, तर वाकणं आणखी वाढतं.

समृद्धीवर टायर फुटतात ते सिमेंटच्या रस्त्यामुळे, असं अनेकजण ठामपणे सांगतात. रस्त्याच्या पृष्ठभागाचा टायरच्या झिजेशी संबंध आहे. पण उष्णतेच्या बाबतीत फिकट रंगाचं सिमेंट काळ्या डांबरापेक्षा कमीच तापतं. मला यात खरा फरक दिसतो तो सलग वेगाचा. या रस्त्यानं नवा दोष निर्माण केला नाही, गावच्या रस्त्यावर झाकलेला आपल्या टायरचा दोष उघड केला. परिवहन विभागानं २०२३ साली समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, तेव्हा त्यामागे हाच विचार होता. मात्र झीज डोळ्यांना दिसते. हवा किती आहे ते दिसत नाही.

म्हणून समृद्धीवर जाताना दर तास-दीड तासानं विसावा घ्यावा. चालकाची झोप उडते आणि टायर निवतो. आणि १२० ही मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असं नाही. ताशी शंभरानं दोनशे किलोमीटरला वीस मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

अमेरिकेनं हा धडा कसा घेतला

कमी हवा, उष्ण हवामान आणि सलग वेग हे तिन्ही एकत्र आले की काय होतं, हे अमेरिकेत १९९० च्या दशकात दिसलं. फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरचे पट्टे धावता धावता सुटू लागले, उंच गाड्या उलटू लागल्या. दोनशेहून अधिक माणसं दगावली. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले. टायरच्या रचनेत आणि उत्पादनात दोष होते, हे तपासात दिसलं. पण घटनांचा नकाशा पाहिला तर त्या टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया अशा उष्ण राज्यांत एकवटलेल्या होत्या. आणि फोर्डनं या गाड्यांसाठी सुचवलेला दाब होता फक्त २६ पीएसआय, प्रवास मऊ व्हावा आणि गाडी स्थिर राहावी म्हणून. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. कमकुवत टायरला कमी हवेनं आणखी कमकुवत केलं, असं मला वाटतं.

त्याच वर्षी अमेरिकेनं नवा कायदा केला. त्यातून पुढे प्रत्येक नव्या कारमध्ये टायरचा दाब उतरल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आज आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा दिसतो, त्याचा उगम तिथे आहे. तो दिवा उपयोगी आहे, पण त्याच्यावर विसंबून राहू नये. अनेक गाड्यांत तो हवा वीस-पंचवीस टक्के उतरल्याशिवाय लागत नाही. ३३ ची २७ झालेली हवा त्याला खटकेलच असं नाही.

चौकट: टायरच्या कडेवर काय लिहिलेलं असतं?

समजा लिहिलं आहे १८५/६५ आर १५ ८८ एच.

१८५ – टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
६५ – कडेची उंची, रुंदीच्या ६५ टक्के.
आर १५ – रेडियल बांधणी, १५ इंची रिम.
८८ – भारक्षमतेचा सांकेतिक आकडा. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो, तेही पुरेशी हवा असेल तर.
एच – वेगक्षमता. एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर.

लंबगोल खिडकीतले चार आकडे – जन्मतारीख. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.
खाचांमधले छोटे उंचवटे – झिजेची खूण. रबर त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. टायर बदला.

न पळालेला टायरही म्हातारा होतो

आपल्या भागात पुष्कळ गाड्या रोज पळत नाहीत. लग्न, देवदर्शन, दवाखाना, नांदेडची खरेदी, एवढ्यापुरती गाडी निघते आणि उरलेले दिवस अंगणात उभी असते. सात वर्षांत तीस हजार किलोमीटरही होत नाहीत. खाचा खोल दिसतात, मालक समाधानानं सांगतो, "टायर नवेच हायत."

ते नवे नसतात. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि ऊन रबराला आतून-बाहेरून कडक करत असतात. टायरच्या रबरात त्याला जपणारी मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरताना, वाकताना ती पृष्ठभागाकडे येतात. उभ्या गाडीच्या टायरला तोही आधार राहत नाही. कडेवर बारीक भेगांचं जाळं दिसू लागलं की समजावं, रबराचा लवचीकपणा गेला. असं रबर वाकताना चिरतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि खाचा कितीही खोल असल्या तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नयेत, असं मोठ्या टायर कंपन्याही सांगतात. मराठवाड्याच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी तर सहा-सात वर्षांनाच मर्यादा मानीन.

जुनी गाडी विकत घेताना इंजिनाचा आवाज ऐकायला मिस्त्रीला घेऊन जातात, पण टायरवरचे चार आकडे वाचायला कुणी वाकत नाही. ते आधी वाचा. नवे टायर घेतानाही तारीख पाहून घ्या. आणि चारऐवजी दोनच घ्यायचे असतील तर नवे मागच्या चाकांना लावा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरणं अवघड जातं. पुढची सुटली तर निदान वेग कमी करून सावरता येतं.

काळी माती, खड्डे आणि टायरवरचा फुगा

उन्हाळ्यात फुटणाऱ्या टायरची कहाणी कधीकधी आदल्या पावसाळ्यात सुरू झालेली असते. आपली काळी कापसाची जमीन पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. तिच्यातल्या चिकणमातीचे अतिसूक्ष्म थर पाणी आत ओढून घेतात, त्याचा हा परिणाम. अशा मातीवर रस्ता बांधताना खालची भर नीट घातली नसेल, तर दरवर्षी रस्ता खालून हलतो, डांबर तडकतं, तडीतून पाणी शिरतं आणि खड्डा पडतो. आडरस्त्यांवर हे नेहमीचंच.

खड्ड्याच्या धारेवर चाक जोरात आदळलं की रिम आणि धार यांच्यामध्ये टायरची कड चिमटली जाते. आतल्या काही दोऱ्या तुटतात. रबर फाटत नाही, हवा जात नाही, म्हणून कळत नाही. पुढे कधीतरी त्या जागी लिंबाएवढा फुगा दिसतो. त्या जागी आता फक्त रबर उरलं आहे, दोऱ्या नाहीत. फुगा दुरुस्त होत नाही. ठिगळ लावूनही होत नाही. असा टायर घेऊन समृद्धीवर जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे, यापेक्षा सौम्य शब्द मला वापरता येत नाहीत.

इथेही कमी हवा नुकसानच करते, कारण मऊ टायर खड्ड्यात लवकर चिमटतो. मात्र गरजेपेक्षा जास्त हवाही वाईट. जास्त हवेनं टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि प्रत्येक धक्का सरळ टायरच्या अंगावर येतो. झीज पाहून हे ओळखता येतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेलं.

आकडा कुठला, मोजायचा केव्हा?

आकडा दुकानदाराला विचारायचा नाही, शेजाऱ्यालाही नाही, आणि टायरच्या कडेवरचा कमाल आकडाही भरायचा नाही. चालकाचा दरवाजा उघडला की खांबावर एक स्टिकर दिसतो, काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर सहसा दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. मागच्या चाकांचा पूर्ण भाराचा आकडा पुष्कळदा बराच जास्त असतो. हा दुसरा आकडा आपण विसरतो. डिकीत हळदीची पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती टाकली, किंवा वऱ्हाडाला निघताना सातही जागा भरल्या, की तोच आकडा लागू होतो. म्हणजे मे महिन्यात हवा वाढवायची वेळ असते, आणि नेमकी तेव्हाच आपण ती कमी करतो.

मोजायची ती थंड टायरची. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा दोन-तीन किलोमीटरच चाललेली असावी. सकाळी निघताना हे सहज जमतं. लांब जाऊनच हवा भरावी लागली आणि टायर गरम असेल, तर ठरलेल्या आकड्यापेक्षा चार पीएसआय जास्त भरावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर मोजून बरोबर करावेत. गरम टायर ३३ दाखवत असेल, तर तो प्रत्यक्षात २८-२९ चा आहे.

पंधरा दिवसांतून एकदा मोजलं तर बरं, महिन्यातून एकदा तर हवंच. काहीही न होता टायर महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतच असतो. ट्यूबलेसला हळूहळू हवा सोडणारं पंक्चर असलं तर त्याहून जास्त. आणि नुसतं पाहून कळत नाही. आजचे रेडियल टायर पूर्ण हवा असतानाही खाली थोडे दबलेलेच दिसतात, आणि लाथ मारून टायर तपासण्याच्या सवयीला तर काही अर्थच नाही.

नायट्रोजनबद्दल विचारणा होते. साधी हवाही ७८ टक्के नायट्रोजनच असते. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून थोडा सावकाश झिरपतो, एवढा फायदा खरा. पण तापल्यावर त्याचाही दाब वाढतो, जवळपास तेवढाच. नायट्रोजन भरला म्हणून तीन महिने न पाहणाऱ्यापेक्षा पेट्रोल पंपावरची फुकट हवा दर पंधरा दिवसांनी भरणारा जास्त सुरक्षित आहे.

सीट कव्हरआधी घ्याव्यात अशा वस्तू

नव्या गाडीला लोक आधी क्रोमच्या पट्ट्या, पाय ठेवायचे बार आणि गडद सीट कव्हर लावतात. माझा आग्रह वेगळ्या वस्तूंचा आहे. पहिली, स्वतःचा हवा मोजायचा गेज. तो खिशात मावतो आणि दुकानातल्या मीटरवर अवलंबून राहावं लागत नाही. दुसरी, गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. तो असला की सकाळी अंगणातच, टायर थंड असताना, हवा भरता येते. गावात राहणाऱ्याला याचा सगळ्यात मोठा उपयोग, कारण दुकान गाठेपर्यंत टायर तापलेला असतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

गाडीत दाबाची सूचना देणारी यंत्रणा नसेल तर व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे सेन्सर मिळतात. तेही चांगले, फक्त रबरी व्हॉल्व्ह जुने असतील तर आधी बदलून घ्यावेत, कारण वेगात सेन्सरचं वजन व्हॉल्व्हला बाहेर ओढतं. मोठे रिम आणि बारीक कडेचे टायर दिसायला झोकदार असतात, पण आपल्या रस्त्यांवर ते घेऊ नयेत. कड जितकी बारीक, तितका खड्ड्याचा मार थेट.

वाटेत टायर फुटलाच तर

मोठा आवाज होतो, गाडी एका बाजूला ओढू लागते, आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो आवरायचा. जोरात ब्रेक मारला की भार पुढे झुकतो, फुटलेलं चाक रस्त्यात रुततं आणि गाडी फिरते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. गाडी ताब्यात आल्यावर हलका ब्रेक, मग डावीकडे, शक्य तितकी रस्त्याच्या बाहेर. चारही इंडिकेटर चालू. सगळ्यांना डाव्या बाजूनं उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करायचं, मुलांना तर आधी. गाडीमागे लाल त्रिकोण बराच मागे ठेवायचा. अशा वेळी फुटलेल्या टायरपेक्षा मागून येणारं वाहन जास्त घातक ठरतं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, जखमी असेल तर १०८, आणि कुठेही ११२.

यानंतर लागते ती स्टेपनी. गाडी घेतल्यापासून डिकीच्या तळाशी पडलेली, कुणी न पाहिलेली. तिचीही हवा महिन्याला एक-दोननं उतरत असते, म्हणजे दोन वर्षांत ती जवळपास बसलेली असणार. चार चाकं मोजताना पाचवंही मोजावं, आणि त्यात थोडी जास्तच हवा ठेवावी. काही गाड्यांत ही स्टेपनी बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळायची. आणि २०२० पासून नियमानं ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे नवी गाडी घेतली असेल तर डिकीचं खालचं झाकण उचलून आत चाक आहे की किट, हे मेहकरकडे निघण्याआधी घरीच पाहून ठेवा. किटनं खिळ्याचं भोक बुजतं, फाटलेली कड नाही.